निवृत्तीचा पैसा आणि फलकावरची आई



बेंगळूरहून होसूर रस्त्याने निघालात की चंदापूर, आनेकल, अत्तिबेले या पट्ट्यात प्लॉटच्या जाहिरातींचे फलक दिसू लागतात. फलकावर जमीन क्वचितच असते. असते ती पांढऱ्या केसांची आई, हातात घराची किल्ली, डोळ्यांत पाणी. आम्ही विचारतो, जमीन विकणाऱ्याला आईचे अश्रू कशाला लागतात? डोळे भरून आले की माणूस कागद विचारत नाही, म्हणून!

ही जाहिरात नेमकी आपल्या दुखऱ्या जागी बोट ठेवते. गँगमन असो की पोस्टमन, उमेदीची वर्षे क्वार्टरमध्ये नाहीतर भाड्याच्या खोलीत गेलेली. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडायचे, आणि त्याच सुमारास ग्रॅच्युइटी, पी.एफ., शिल्लक रजेचा पगार असा जन्मात न पाहिलेला पैसा एकदम हाती येतो. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा १ जानेवारी २०२४ पासून २५ लाख झाली. सर्वांना तेवढी मिळत नाही. पण मर्यादा वाढल्याची बातमी आपल्याआधी प्लॉटच्या एजंटाला लागलेली असते!

त्यातही गंमत पाहा. आईच्या फोटोखाली उपनगरी रेल्वे दाराशी येणार, ही लालूच. हीललिगे–राजानुकुंटे उपनगरी मार्गाची पायाभरणी २०२२ साली झाली. मार्ग नकाशावरून जमिनीवर यायला किती वर्षे लागतात, हे रुळावर राबलेल्या माणसाला दुसऱ्याने सांगायला नको. तोच माणूस नातीचा हसरा फोटो बघून टोकन देऊन येतो.

कायदा नाही असे नाही. २०१६ च्या रेरा कायद्याने मोठ्या प्रकल्पाची नोंदणी झाल्याखेरीज जाहिरात करता येत नाही, जाहिरातीत नोंदणी क्रमांक छापावा लागतो, आणि करारनामा नोंदण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून नुकसान झाले तर कलम १२ खाली भरपाई मागता येते. मेख इथेच आहे. ‘आईचे स्वप्न’ हे विधान खोटे कसे ठरवणार? स्वप्नाला ना सर्व्हे नंबर, ना चतुःसीमा. तीस फुटी रस्ता लिहिला तर तो टेप लावून मोजता येतो. म्हणून रस्ता लिहायचा नाही, आई छापायची!

काही मित्र म्हणतात, जाहिरात पाहून कोणी लाखो रुपये देत नाही, माणूस विचार करतोच. मग हे फलक काय धर्मादाय म्हणून उभे केलेत?

आमची मागणी साधी आहे. निरोप समारंभाच्या मांडवात प्लॉटच्या एजंटाला पाऊल टाकू देऊ नका. पतपेढीच्या कॅलेंडरवर आणि डायरीत या जाहिराती घेऊ नका. चार पैशांचे उत्पन्न बुडाले तरी चालेल. ज्याला प्लॉट घ्यायचाच आहे त्याने टोकन देण्याआधी रेरा क्रमांक, बिगरशेतीचा आदेश आणि ई-खाते यांच्या नकला घेऊन शाखा कार्यालयात यावे. रविवारी सकाळी १० ते १ आम्ही तिथे असतो. येताना घरच्यांनाही बरोबर आणावे, कारण फलकावरची आई त्यांनीही पाहिलेली असते.