जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद नव्हे



जालन्याला, मस्तगड भागात कामाला गेलेले आपले काही सभासद परतताना पंपावर मोटारसायकलीत मुद्दाम महागाचे पेट्रोल भरतात. "गाडी लई पळते," म्हणे! उसाच्या बिलातले पैसे असे घालवायचे कारण नाही.

ऑक्टेन हा ताकदीचा आकडा नाही. सिलिंडरमध्ये दाबलेले पेट्रोल ठिणगीपासून सरळ जळत जावे, दाबाने आपोआप भडकू नये, ही जी त्याची सोसण्याची शक्ती, तिचा तो आकडा. पेट्रोल अवेळी भडकले की चढावर इंजिन टकटक वाजते. ज्या इंजिनात दाब जास्त, त्याला ऑक्टेन जास्त लागते. आपल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांत दाब बेताचा असतो, त्यांना ९१ पुरते. त्यात १०० ऑक्टेनचे ओतले तर खिसा हलका होतो, एवढेच. कोणत्या गाडीला किती हवे ते गाडीबरोबरच्या पुस्तिकेत छापलेले असते; पण ती उघडतो कोण? (ट्रॅक्टरवाल्यांनी यात पडू नये. डिझेलला ऑक्टेन पाहत नाहीत.)

आता आपल्या घरची गोष्ट. पूर्वी ऑक्टेन वाढवायला पेट्रोलमध्ये विषारी शिसे घालत. देशात ते २००० साली बंद झाले. इथेनॉलचे स्वतःचे ऑक्टेन १०८ च्या आसपास. २००१ साली मिरज आणि मनमाडला मिश्रणाची चाचणी झाली, २००३ पासून ५ टक्के मिसळू लागले आणि २०२५ मध्ये प्रमाण २० टक्क्यांवर गेले. त्यामुळे साध्या पेट्रोलचेच ऑक्टेन आता ९५ च्या घरात आले आहे. मग वरचे पैसे कशाचे?

पण इथेनॉल विकणारे आपण, म्हणून दुसरी बाजूही आपणच सांगितली पाहिजे. लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश उष्णता कमी. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या दुचाकींचे ॲव्हरेज ३ ते ४ टक्के, तर मोटारींचे ६ ते ७ टक्के घटेल असे म्हटले आहे. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वायसर या मिश्रणासाठी बनवलेले नाहीत. शिवाय इथेनॉल ओल ओढते. पावसाळ्यात महिनामहिना उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत पाणी तळाला बसू शकते. "काही होत नाही" असे सांगून सभासदाला वाटेला लावणे बरे नव्हे.

डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले, तेव्हा साखर कारखानदारीने केवढी ओरड केली! ऑगस्ट २०२४ मध्ये ते उठले. तेवढाच आवाज सभासदाच्या दहा वर्षांच्या फटफटीसाठीही निघावा. गळीत सुरू होण्याआधी प्रत्येक गट कार्यालयात एक दिवस मिस्त्री बसवावा, जुन्या गाड्यांच्या नळ्या, वायसर तपासून द्यावेत, आणि खर्च कारखान्याने इथेनॉलच्या उत्पन्नातून करावा. संचालक मंडळाने येत्या बैठकीत हा विषय घ्यावा.