आरोग्याच्या बातमीला वर्षे लागतात

नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात टँकरमधले रसायन वालधुनीच्या पात्रात सोडले गेले आणि शेकडो रहिवाशांना श्वास कोंडल्याने रुग्णालय गाठावे लागले. ३ जून २०२१ च्या रात्री बदलापुरात एका रासायनिक कारखान्यातून वायुगळती झाली, परिसरातले लोक घाबरून घराबाहेर आले. १२ सप्टेंबर २०२४ च्या रात्री अंबरनाथकरांचे डोळे आणि घसे जळजळले. या घटना तीन वेगळ्या वर्षांतल्या आणि तीन वेगळ्या शहरांतल्या. त्या एकाच बातमीचे भाग आहेत हे ओळखायला तिन्ही वेळा इथेच काम करणारा माणूस लागतो.

कल्याणच्या पुढच्या या पट्ट्यात असा माणूस बहुधा मुक्त वार्ताहर असतो. नेमणुकीचे पत्र नाही, मानधन छापून आलेल्या मजकुरावर. पण वीस-पंचवीस वर्षे आरोग्याचेच लिहीत राहिल्याने त्याच्याजवळ जे साठते, ते मुंबईहून आलेल्या बातमीदाराला चार दिवसांत मिळत नाही.

पाण्याचेच घ्या. काविळीचे किंवा गॅस्ट्रोचे रुग्ण वाढले की पहिला प्रश्न पाणी कुणाचे, हा. उल्हासनगरला एमआयडीसीचे पाणी येते. अंबरनाथ आणि बदलापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचे. एका शहरात महापालिका, बाकीच्या दोन्हींत नगरपरिषदा. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय मात्र राज्य सरकारचे, आणि तिथे तिन्ही शहरांचे रुग्ण येतात. नवा बातमीदार नगरपरिषदेत विचारतो, तिथून त्याला प्राधिकरणाकडे पाठवतात, तोवर साथ ओसरलेली असते. जुना वार्ताहर थेट योग्य टेबलावर जातो आणि परतताना जलवाहिनी गटारातून कुठे जाते तेही पाहून येतो.

मृत्यूंची गोष्ट याहून गंभीर आहे. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे करायची, असा १९६९ च्या कायद्याचा नियम आहे. बदलापूरचा रुग्ण कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात दगावला, तर तो ठाणे महापालिकेच्या दफ्तरात दिसतो. म्हणजे ज्या शहरात उपचाराची सोय कमी, त्याच शहराचा मृत्यूचा आकडा कागदावर कमी दिसू शकतो! हे माहीत नसलेल्याने नगरपरिषदेच्या आकड्यावर बातमी केली, तर ती खरी आकडेवारी देऊनही वाचकाची दिशाभूल करील. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कळव्यात एका दिवसात अठरा रुग्ण दगावले तेव्हा देशभर चर्चा झाली. ते रुग्ण कुठून आले होते, आधी कुठल्या दारातून परत पाठवले गेले होते, हे शोधणे त्या त्या शहरांतल्या वार्ताहरांचे काम होते.

अशाच चिकाटीने लिहिणाऱ्या र. धों. कर्व्यांना आरोग्य-पत्रकार म्हणण्याची आपल्याकडे रीत नाही. म्हणायला हवे. जुलै १९२७ मध्ये सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी १९५३ मध्ये निधन होईपर्यंत, सव्वीस वर्षे, पाठीशी कोणतीही संस्था नसताना चालवले. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाला. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. आम्हाला त्यांच्या धाडसाइतकेच त्यांचे सातत्य मोठे वाटते. संततिनियमनावर एखादा खळबळजनक लेख लिहिणारे आणखी कुणी निघाले असते. तोच विषय महिन्यामागून महिना, वाचकांच्या शंकांना उत्तरे देत लिहीत राहणे दुसऱ्या कुणाला जमले नाही.

आजच्या मुक्त लेखकापुढे खटल्यापेक्षा वेगळी अडचण आहे. खासगी रुग्णालयाच्या पुरवणीत एका लेखाचे जे पैसे मिळतात, ते महिनाभराच्या बातम्यांतून सुटत नाहीत. पोटासाठी ते काम करणाऱ्याला आम्ही नावे ठेवणार नाही. पण ज्या रुग्णालयाची पुरवणी लिहिली, त्याच्या बिलांविषयीची तक्रार आपण निःशंकपणे छापू शकू का, हे ज्याने त्याने आधीच ठरवावे. मधुमेह किंवा कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात तर १९५४ च्या कायद्यानेच निषिद्ध आहे. ती लेखाच्या रूपात लिहून मागितली, तर नकारच द्यावा.

अधिस्वीकृती नसल्याने हात बांधले जातात, ही तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. माहिती अधिकाराला अधिस्वीकृती लागत नाही. ती असो वा नसो, दहा रुपयांचे शुल्क आणि तीस दिवसांची मुदत सारखीच आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नमुना-अहवाल, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या तपासण्या, रुग्णालयातली रिक्त पदे यांची माहिती दरवर्षी त्याच महिन्यात मागा. दहा वर्षांचे कागद एकत्र ठेवले की बातमी आपोआप उभी राहते.

संपादकांना आमची विनंती आहे. आरोग्याचा विषय वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या वार्ताहराला मजकुराच्या लांबीवर मोजू नका. त्याला ठरावीक मासिक मानधन द्या, माहिती अधिकाराचा आणि प्रवासाचा खर्च द्या. आणि ज्यांचे लिहिणे आता थांबत आले आहे, त्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या ज्येष्ठांनी आपल्या टिपणवह्या व कात्रणे रद्दीत न देता एखाद्या तरुण बातमीदाराच्या हाती द्याव्यात, सोबत बसून त्या वाचूनही दाखवाव्यात.