अडगळीचा निकाल

वाशीम जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी, मळणी आणि दिवाळीची साफसफाई ही तिन्ही कामे बहुधा एकाच सुमारास अंगावर येतात. ओसरीवर पोत्यांची थप्पी लागत असते, त्याच वेळी माळ्यावरच्या ट्रंका, कान तुटलेली पातेली, उसवलेल्या गोधड्या आणि दोरीने बांधलेल्या कागदांचे गठ्ठे खाली उतरतात. आणि हात थकले की त्यांतल्या बहुतेक वस्तू जशाच्या तशा पुन्हा वर चढतात. ह्या वार्षिक पराभवावर उपाय सांगणारे उपदेशक हल्ली उदंड झाले आहेत. त्यांच्या मतांतील ग्राह्यांश मान्य करून, उरलेल्याचे खंडन करावे आणि आपला पक्ष मांडावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिला पूर्वपक्ष त्यागवाद्यांचा. जपानी लेखिका मारी कोंडो हिचा जो ग्रंथ 2014 साली इंग्रजीत आल्यावर जगभर गाजला, त्यात ह्या पक्षाचे सर्वांत सुव्यवस्थित प्रतिपादन आढळते. एका प्रकारच्या साऱ्या वस्तू एकत्र रचाव्यात, एकेक हाती घ्यावी, जिच्यामुळे मनाला आनंद होतो तेवढी ठेवावी, बाकीच्यांना निरोप द्यावा आणि हे सर्व एकाच मोहिमेत तडीस न्यावे, असे तिचे सांगणे. एका जातीच्या वस्तू एकत्र आणल्यावर आपल्या संग्रहाची खरी व्याप्ती कळते, हे तिचे निरीक्षण निर्विवाद आहे. परंतु आनंद हा एकच निकष मानला, तर आजोबांचा विटका शाळा सोडल्याचा दाखला कोणत्या घरात टिकेल? त्या कागदाला पाहून कोणाचे अंतःकरण उचंबळत नाही. तथापि जातपडताळणीच्या वेळी इतर मागासवर्गीयांकडे 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, आणि विमुक्त जाती व भटक्या जमातींकडे 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा मागितला जातो, तेव्हा नातवाचा प्रवेश किंवा नातीची नोकरी त्याच एका कागदावर अवलंबून असते. वाटणीपत्र, खरेदीखत, फेरफाराची नक्कल ह्यांचीही तीच कथा. कुटुंबाच्या मालमत्तेत आनंदाखेरीज हक्क, कर्तव्य आणि पुरावा असे आणखी भागीदार असतात, आणि त्यांना विचारल्यावाचून केलेला त्याग हा अविचार ठरतो.

एकाच मोहिमेचा आग्रह तर ह्याहून घातक आहे. दोन खोल्यांच्या घरात सर्व कपड्यांचा डोंगर रचल्यावर रात्री मुलांनी निजावे कोठे, ह्याचा विचार ह्या उपदेशात दिसत नाही. वस्तू उचलण्याच्या श्रमापेक्षा तिच्याविषयी निर्णय घेण्याचा श्रम मोठा असतो; शेकडो निर्णय एका दिवसात उरकू पाहणारे मन संध्याकाळपर्यंत एकतर सर्व काही फेकू लागते, नाहीतर सर्व काही परत ठेवू लागते.

त्यागवाद्यांना आपल्याकडे अपरिग्रहाचा आधारही सांगितला जातो. ह्याचे उत्तर आमच्याच जिल्ह्यातील कारंजा देते. अपरिग्रहाला महाव्रतांत स्थान देणाऱ्या जैन परंपरेने तेथील मंदिरांच्या शास्त्रभांडारांत संस्कृत, प्राकृत आणि अपभ्रंश हस्तलिखिते शतकानुशतके जतन केली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातील हस्तलिखितांची जी सूची रायबहादूर हिरालाल ह्यांनी 1926 साली प्रसिद्ध केली, तिच्यामुळे ह्या संग्रहाची महती विद्वानांना कळली. पुढे कारंजा जैन ग्रंथमालेत पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ 1931 साली डॉ. प. ल. वैद्य ह्यांनी, आणि ‘णायकुमारचरिउ’ 1933 साली अमरावतीचे प्रा. हिरालाल जैन ह्यांनी संपादून प्रकाशात आणले. ज्यांनी स्वतःच्या उपभोगावर मर्यादा घातली त्यांनीच परंपरेचा ठेवा जपला, ह्यात विसंगती नाही. अपरिग्रह हा नव्या हव्यासावरचा निर्बंध आहे; जुने टाकून त्याच सायंकाळी नवे खरेदी करणाऱ्याने त्याचा आधार घेऊ नये.

इतके वाचून संग्रहवादी प्रसन्न होतील. म्हणून आता त्यांचा समाचार घेणे प्राप्त आहे. ‘असू दे, कधीतरी कामी येईल’ हा त्यांचा महामंत्र. वाशीमात तर त्यांच्यापाशी सबळ दृष्टांत आहे. 1939 साली येथील ताम्रपट उजेडात आला. वाकाटक नृपती विंध्यशक्ती दुसरा ह्याने आपल्या कारकिर्दीच्या 37 व्या वर्षी वत्सगुल्माहून, म्हणजे ह्याच नगरातून, दिलेले ते दानपत्र. त्यामुळे वाकाटकांच्या एका स्वतंत्र शाखेचा पत्ता लागला, आणि अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेखाचे वाचनही वा. वि. मिराशी ह्यांना नव्याने करावे लागले. कोणी ते पत्रे तांबटाला मोडीत घातले असते तर?

दृष्टांत खरा, पण त्यावरून काढलेले अनुमान खोटे. ताम्रपट मौल्यवान निघाला म्हणून बंद पडलेला मिक्सर ताम्रपट होत नाही. दानपत्र मुळी जपण्यासाठीच धातूवर कोरले गेले होते. संग्रहवाद्यांच्या माळ्यावरील बहुसंख्य वस्तू निर्णय टाळल्यामुळे तेथे पडून असतात. जी वस्तू घरात आहे हेच ऐनवेळी आठवत नाही, आणि जी पुन्हा विकत आणावी लागते, ती जपली असे म्हणणे आत्मवंचना आहे. शिवाय काही संग्रह निरुपद्रवीही नसतात. शेतकऱ्याच्या घरी कीटकनाशकाचा रिकामा डबा धुऊन पाण्यासाठी ठेवला जातो, तेव्हा काटकसरीच्या नावाखाली विषच घरात ठेवलेले असते.

तिसरा पूर्वपक्ष बाजाराचा: आणखी एक कपाट घ्या, आणखी चार डबे घ्या. ह्याचे खंडन एका वाक्यात होते. निर्णय न झालेल्या वस्तूंना नवे कपाट दिल्याने अडगळीला फक्त दार आणि कुलूप मिळते.

आता सिद्धान्तपक्ष. घर वस्तूंच्या संख्येने गुदमरत नाही, अनिर्णित वस्तूंनी गुदमरते. आणि अनिर्णितांची व्यवस्था कशी लावावी, ह्याचा उत्तम वस्तुपाठ महाराष्ट्राच्या सरकारी दप्तराने घालून दिला आहे. 1980 च्या दशकाच्या आरंभी अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना ह्यांनी कचेरीतील कागदांच्या ढिगाऱ्यांना जी शिस्त लावली, तिचा पुढे राज्यभर प्रसार झाला. त्या शिस्तीतील सहा गठ्ठ्यांची पद्धत प्रत्येक कारकुनाला ठाऊक असते: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे पाठवायचे आणि नष्ट करायचे. त्याबरोबर अभिलेखांच्या मुदतीही ठरलेल्या: अ वर्ग कायम, ब वर्ग 30 वर्षे, क वर्ग 10, क-1 वर्ग 5 आणि ड वर्ग 1 वर्ष. ह्या व्यवस्थेचे मर्म असे, की तिच्यात कोणताही कागद मुदतीवाचून पडून राहत नाही.

घरासाठी चार वर्ग पुरेत. कायमचे दाखले, दस्तऐवज आणि निवडक स्मृतिचिन्हे एका पेटीत, आत यादीसह. नित्य वापराच्या वस्तू हाताशी, ठरल्या जागी. संशयास्पद वस्तू खोक्यात, वर पुढल्या दिवाळीची तारीख घालून. आणि बाकीच्या बोहारणीला, भंगारवाल्याला किंवा गरजूला. तारीख उलटेपर्यंत खोके उघडावे लागले नाही, तर यादीतील दस्तऐवज चुकून आत गेलेला नाही एवढे पाहून ते निकाली काढावे. एका वेळी एकच फळी किंवा एकच कोनाडा घ्यावा, आणि त्याचा निकाल लागल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. सुगीच्या महिन्यात तर ही कामगिरी मुळीच काढू नये. पीक उभे राहण्याआधीचे किंवा रास घरात आल्यानंतरचे निवांत दिवस तिला योग्य.

एका गोष्टीकडे मात्र सर्वच उपदेशक दुर्लक्ष करतात. घर आवरण्याची जबाबदारी बहुधा सुनेवर असते आणि वस्तू काढून टाकण्याचा अखत्यार सासूचा, सासऱ्यांचा किंवा नवऱ्याचा. जबाबदारी एकीकडे आणि अधिकार दुसरीकडे असलेल्या कचेरीत दप्तर तुंबणारच. तेथे कारकुनाला आळशी म्हणणे अन्यायाचे. म्हणून ज्याची वस्तू त्यानेच मुदतीत निर्णय द्यावा, आणि ठेवायची म्हटली तर पुसून, यादीत लिहून, जागेवर ठेवण्याचे श्रमही त्यानेच करावेत. हा नियम घरात मान्य झाला, म्हणजे ‘असू दे’ म्हणण्याची किंमत म्हणणाऱ्यालाच मोजावी लागेल, आणि माळा आपोआप हलका होऊ लागेल.