वाचलेले आणि सुधारलेले

आयरिश कुळाचा शोध घेणाऱ्यास आडनावापेक्षा स्थळनाम अधिक मोलाचे असते. मर्फी किंवा केली ही आडनावे देशभर आढळतात. त्यांतले आपले घराणे कोणते, हे ठरते ‘टाउनलँड’वरून. टाउनलँड म्हणजे जमिनीचा सर्वांत लहान अधिकृत विभाग. असे ६०,००० हून अधिक विभाग त्या बेटावर आहेत आणि एकच नाव अनेक परगण्यांत पुन्हा पुन्हा येते.

मुळात पुरावाच तुटपुंजा आहे. १९२२ साली यादवी युद्धाच्या आरंभी डब्लिनचे सार्वजनिक अभिलेखागार जळाले आणि १८२१ ते १८५१ या काळातील जनगणनांचा बहुतेक भाग नष्ट झाला. १८६१ ते १८९१ च्या जनगणनांचे कागद सरकारी आदेशानेच नष्ट करण्यात आले होते. १९०१ आणि १९११ च्या जनगणना शाबूत आहेत. परंतु आयर्लंडमध्ये जन्मलेल्या माणसाच्या जन्मस्थानाच्या रकान्यात केवळ परगणा किंवा शहर विचारलेले होते. त्यामुळे दुष्काळापूर्वीच्या पिढ्यांसाठी बरीचशी भिस्त उरते ती पॅरिशच्या हस्तलिखित नोंदवह्यांवर. त्यांतील अक्षर घाईचे, शाई पुसट. ‘एन’ आणि ‘यू’ यांत भेद करता येत नाही, जुन्या वळणाचा लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो, नावाचे आद्याक्षर ‘एल’, ‘एस’ की ‘टी’ हे कळत नाही.

अशा वेळी त्याच हाताने लिहिलेली इतर नावे जुळवून पाहावीत, शेजारच्या नोंदींतील गावे नकाशावर शोधावीत, आणि १८५१ च्या जनगणनेवर आधारलेली टाउनलँडांची सूची चाळावी, ही सर्वमान्य रीत आहे. तिच्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती शेवटच्या पायरीविषयी. सूचीतील जवळचे नाव सापडताच वाचक मूळ अक्षरे टाकून देतो आणि प्रतिलेखनात अधिकृत वर्णलेखन लिहून मोकळा होतो. पाठचिकित्सेच्या परिभाषेत, पाठ आणि पाठदुरुस्ती यांतील सीमारेषा तो पुसून टाकतो.

हे गंभीर का, ते अधिकृत नावांच्या इतिहासावरून ध्यानात येते. ही नावे बहुतांशी आयरिश भाषेतली. ऑर्डनन्स सर्वेक्षणाने १८२० च्या दशकापासून नकाशे तयार केले, तेव्हा जॉन ओ’डोनोव्हनसारख्या विद्वानाने जुन्या पोथ्या पाहून आणि स्थानिकांचे उच्चार ऐकून नावांची छाननी केली. तरीही छापली गेली ती इंग्रजी वळणाची रूपे. ‘किलमोर’ या एका रूपामागे ‘थोरले चर्च’ असू शकते, तसेच ‘मोठे रान’ही, इंग्रजी लेखनात दोहोंचे ‘किल’ एकच झाले. ब्रायन फ्रील यांच्या ‘ट्रान्सलेशन्स’ (१९८०) या नाटकाचा विषय हाच नामांतराचा व्यवहार आहे.

तेव्हा अधिकृत रूप हेही एक लिप्यंतरच होय. उलट, पॅरिशच्या धर्मगुरूने कानाने ऐकून लिहिलेले, आपणांस ‘अशुद्ध’ वाटणारे रूप बोलणाऱ्याच्या उच्चाराला अधिक जवळचे असू शकते. स्वतः लिहू न शकणाऱ्या आईबापांचा उच्चार ज्यात टिकला असेल असा तो कदाचित एकमेव कागद असेल. शिवाय काही स्थानिक नावे सूचीत कधी आलीच नाहीत. ती सूचीतल्या नावात कोंबली की कुटुंब भलत्याच गावी जाऊन पोहोचते आणि पुढील प्रत्येक वंशवृक्ष तीच चूक उद्धृत करीत राहतो.

शोधणाऱ्यास निश्चित उत्तर हवे असते, आणि प्रमाण लेखनाविना संगणकावर शोध घेणे कठीण, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्यावर उपाय साधा आहे. एका रकान्यात दिसली तशी अक्षरे, संशयित अक्षरापाशी खूण करून. दुसऱ्यात संभाव्य टाउनलँड. तिसऱ्यात तसे मानण्याचे कारण. जे वाचता आले नाही ते रिकामे ठेवावे. आज संगणकही हस्ताक्षरे वाचू लागले असून त्यांचाही ओढा परिचित शब्दाकडेच असतो. म्हणून हा विवेक अधिकच निकडीचा झाला आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना आपण पाठभेद जपण्याची शिस्त शिकवतो. एखाद्या स्थलांतरित कुटुंबाच्या गावाच्या नावाला तीच शिस्त नाकारण्याचे कोणतेही समर्थन आम्हांस दिसत नाही.