ब्लूटूथ बंद, वॉकीटॉकी चालू

'रेंज नसलेल्या जागी जायचंय यार!' ऑफिसात दर शुक्रवारी कुणीतरी हा सुस्कारा टाकतंच. मग तशी जागा शोधायला सगळे मोबाइलमध्येच डोकं घालतात. असो. आपल्याकडे एक पत्ता आहे: नी-ऑलेसुन, स्वालबार्ड, नॉर्वे. उत्तर ध्रुवापासून साधारण 1200 किलोमीटर. भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र 2008 पासून याच गावात आहे आणि त्याचा कारभार चालतो गोव्यातल्या वास्कोहून!

या गावाभोवती 20 किलोमीटरपर्यंत वायफाय आणि ब्लूटूथला बंदी. हाच नियम आमच्या वलगावला लावला, तर पेढी नदीपासून थेट अमरावतीच्या राजकमल चौकापर्यंत सगळे हेडसेट मुके. लोक विचारतील, 'काहून बॉ?'

तर तिथे मोठाल्या अँटेना कान लावून बसल्यात. अब्जावधी प्रकाशवर्षं दूरच्या क्वेसारांचे रेडिओ संकेत त्या टिपतात. तोच संकेत जगभरातल्या अँटेनांपाशी किती फरकाने पोचला, त्यावरून पृथ्वी नेमकी कशी फिरतेय याचा हिशेब निघतो. तुमच्या कॅबवाल्याच्या जीपीएसलाही हा हिशेब लागतो बरं का! संकेत इतके क्षीण, की शेजारचं ब्लूटूथ म्हणजे गाडगेबाबांच्या कीर्तनात डीजे. बंदी आहे 2 ते 32 गिगाहर्ट्झवर, आणि ब्लूटूथ बसतं 2.4 वर. सापडलं ना!

पण गाव मुकं नाही. जर्मन-फ्रेंच केंद्रातून रोज हवामानाचा फुगा सुटतो. त्याला टांगलेलं छोटं यंत्र वर जाता जाता तापमान, आर्द्रता रेडिओवरून खाली कळवत राहतं, तेही 400 मेगाहर्ट्झच्या आसपास. म्हणजे बंदीच्या बाहेर. इंटरनेटही आहे, फक्त वायरीतून. घरच्यांशी बोलायचं तर जागेवर बसून बोला. बोलता बोलता गॅलरीत फेऱ्या मारायची चैन नाही.

आपल्याला रेंज नको असते ती बॉस नको म्हणून. तिथे मात्र गावाबाहेर पाऊल टाकायचं तर व्हीएचएफ वॉकीटॉकी हवाच, कारण बाहेर पांढरी अस्वलं फिरतात. डिसेंबर 2023 पासून आपली माणसं हिवाळ्यातही 'हिमाद्री'त राहू लागली. तेव्हा ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी सूर्यच उगवत नाही. त्या काळोखात गावाशी जोडून ठेवणारा आवाज येतो तो हातातल्या त्या जुन्या पद्धतीच्या डब्यातून. आणि कडाक्याच्या थंडीत त्याची बॅटरी लवकर उतरते, म्हणून निघण्याआधी ती तपासायची, मग दार उघडायचं.