परदेशी निखाऱ्यापाशी पाहुणा

निखाऱ्याभोवतीची मेजवानी सोलापूरकरांना नवी नाही. पौष-माघात ज्वारी हुरड्यावर आली की शेतात गोवऱ्यांची आगटी पेटते. कोवळी कणसे निखाऱ्यांत भाजून चोळली जातात आणि गरम हुरडा शेंगांच्या चटणीसह पाहुण्यापुढे येतो. जैन कुटुंबे अशा वेळी चटणी बिनलसणाची हवी, हे शेतमालकास आधीच कळवितात आणि सूर्यास्तापूर्वी पंगत आटोपतात. त्यामुळे यजमानाला वाईट वाटत नाही आणि पाहुण्याचा नियमही राहतो.

चादरी-टॉवेलच्या व्यापारानिमित्त परदेशी जाणाऱ्या श्रावकाला हीच रीत तेथेही उपयोगी पडते. दक्षिण आफ्रिकेत निखाऱ्यावरच्या भोजनाला 'ब्राय' म्हणतात. २४ सप्टेंबरचा तेथील वारसा दिन अनेक जण ब्रायनेच साजरा करतात. अर्जेंटिनात 'आसादो' होतो आणि जेवणाच्या शेवटी पाहुणे भाजणाऱ्यासाठी टाळ्या वाजवितात. हॉटेलातील जेवणाहून हे निमंत्रण वेगळे असते. यजमान स्वतः विस्तवापाशी उभा राहतो. पाहुण्याला तो आपल्या अंगणात, आपल्या कुटुंबात बोलावीत असतो. म्हणूनच नकार देताना जीभ अडखळते. नाही म्हटले तर जुळत आलेला संबंध तुटेल काय, हे भय व्यापाऱ्याच्या मनात असते. आणि त्या भयापोटी तरुण मुले कधी कधी 'एकदाच चालेल' अशी मनाची समजूत घालतात.

या पेचाचे एक प्रसिद्ध उदाहरण महात्मा गांधींच्या आत्मकथेत आहे. १८८८ साली विलायतेस निघताना त्यांनी बेचरजी स्वामी या जैन साधूंसमोर मांस, मद्य व स्त्रीसंग वर्ज्य करण्याची प्रतिज्ञा केली होती. पुढे लंडनमध्ये एका मित्राने त्यांना होबर्न रेस्टॉरंटमध्ये जेवावयास नेले. पहिले सूप आले तेव्हा ते शाकाहारी आहे काय, हे विचारण्यासाठी गांधींनी वाढप्याला बोलाविले. मित्र संतापला आणि असे वागायचे असेल तर बाहेर जा, असे त्याने सुनावले. गांधी उठले. जवळचे शाकाहारी उपाहारगृह बंद होते. ती रात्र त्यांनी उपाशी काढली. तरीही ठरल्याप्रमाणे ते मित्राबरोबर नाटकाला गेले आणि त्यांच्या मैत्रीत अंतर पडले नाही. नियम पाळल्याने मैत्री तुटली नाही. मात्र ताटापुढची शंका यजमानाला किती बोचते, हेही या प्रसंगात दिसते.

म्हणून जे सांगायचे ते निमंत्रण स्वीकारतानाच सांगावे. केवळ 'शाकाहारी' हा शब्द पुरत नाही. पुष्कळ यजमान मांस भाजलेल्या जाळीवरच भाजी ठेवतात आणि त्याच चिमट्याने ती उलटतात. यात त्यांचा कपटभाव नसतो. निखाऱ्यात भाजलेला बटाटा त्यांच्या दृष्टीने निर्दोष, आपल्या दृष्टीने कंदमूळ. अनेक चीजमध्ये वासराच्या जठरातून काढलेले विरजण असते, आणि बाजारातील 'व्हेज' सॉसेजमध्ये अंड्याचा पांढरा भाग असू शकतो. म्हणून मक्याचे कणीस, ढोबळी मिरची, अननस असे पदार्थ सुचवावेत आणि वेगळा तवा मागावा, किंवा आपले खाकरे व चटणी बरोबर न्यावी. मागणी जितकी स्पष्ट आणि थोडी, तितकी ती पुरविणे यजमानाला सोपे जाते.

वेळेचाही विचार आधी करावा. जूनमध्ये फ्रँकफर्टला सूर्य रात्री साडेनऊच्या पुढे मावळतो. तेथे आठला जेवूनही रात्रिभोजनत्याग पाळता येतो. डिसेंबरात जोहान्सबर्गला मात्र सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. लाकडे जळून निखारे तयार होईपर्यंतच तास-दीड तास जातो. अशा ठिकाणी निवासस्थानी आधी जेवून जावे आणि यजमानाला तसे कळवावे.

भाजत्या मांसाचा वास व दृश्य ज्याच्या मनाला सहनच होत नाही, त्याने कृतज्ञतेने निमंत्रण नाकारून दुसऱ्या दिवशी चहाला येण्याची इच्छा दर्शवावी. त्यात कमीपणा नाही. पण जो जातो, त्याने मन मोकळे ठेवून जावे. दुसऱ्याच्या अंगणात उभे राहून अहिंसेवर व्याख्यान देऊ नये, आणि नाकही मुरडू नये. कोणी आपणहून विचारले, तर आपण काय पाळतो व का पाळतो, हे दोन वाक्यांत सांगावे. यजमानाच्या घरच्यांची विचारपूस करावी, मुलांशी खेळावे, आपल्याकडील आगटीची आणि हुरड्याची गोष्ट सांगावी. भेट म्हणून सोलापुरी चादर न्यावी. ती त्या घरात वर्षानुवर्षे राहते.

यजमानाला पाहुण्याच्या पोटाइतकीच त्याच्या सोबतीची अपेक्षा असते. त्याच्या संध्याकाळचे मोल जाणणाऱ्या पाहुण्याचे ताट साधे असले, तरी त्याला पुन्हा बोलावणे येते. आणि दुसऱ्या खेपेला वेगळा तवा न मागताच मांडलेला असतो.