बंदुकांचे ओझे

दुसऱ्या महायुद्धातील बाँबर विमानांचा विषय निघाला की आमची मित्रमंडळी एकदम अमेरिकेच्या बी-१७ वर येतात. नावच 'फ्लाइंग फोर्ट्रेस', म्हणजे उडता किल्ला! त्याच्या 'जी' प्रकारावर १३ मशीनगन्स. या आकड्यावर मीही पूर्वी खूष होतो. आता नाही.

माझे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. पण वजनाचा हिशेब मला त्याआधीपासून कळतो. पाठीवर एक चढवले की दुसरे उतरवावे लागते. बी-१७ ची एक मशीनगन ३० किलोच्या घरात. तिच्या गोळ्या वेगळ्या, चालवणारा माणूस वेगळा. १० माणसांचे हे विमान लांबच्या मोहिमेवर साधारण दोन-अडीच टन बाँब नेई. ब्रिटिशांचे लँकेस्टर ७ माणसे व ८ मशीनगन्स घेऊन सहा टनांहून अधिक नेऊ शके.

बरे, किल्ला अभेद्य तरी होता काय? १४ ऑक्टोबर १९४३ रोजी श्वाइनफुर्टच्या बेअरिंग कारखान्यांवर २९१ बी-१७ निघाली. ६० परतली नाहीत. खरा आधार पुढे १९४४ मध्ये मस्टँगसारख्या लांब पल्ल्याच्या लढाऊ विमानांनी दिला.

लँकेस्टर रात्री जात. जर्मन विमान अंधारात पोटाखालून येई आणि वर रोखलेल्या तोफा डागी. तिथे बहुतेक लँकेस्टरला ना बंदूक, ना खिडकी. फ्रीमन डायसन हा पुढे नावाजलेला शास्त्रज्ञ १९४३ मध्ये, माझ्याच वयाचा, म्हणजे १९ वर्षांचा असताना, ब्रिटिश बाँबर कमांडच्या संशोधन विभागात लागला. त्याचे आणि त्याच्या वरिष्ठाचे मत असे की दोन टरेट काढून टाकावीत. वेग ताशी ५० मैलांनी वाढेल, आणि विमान पडलेच तर सातांऐवजी पाचच माणसे जातील. ते मानले गेले नाही.

यावर कोणी म्हणेल, शेपटीतला गनर टेहळणीही करतो, त्याने ओरडून सांगितले म्हणून पायलट विमान वळवतो. हे मला मान्य आहे. पण डोळे हवेत म्हणून चार-चार मशीनगन्स कशाला? मॉस्किटो या लाकडी बाँबरवर एकही बंदूक नव्हती. दोन माणसे, केवळ वेग, आणि तरी पुढचे प्रकार १,८०० किलोचा बाँब बर्लिनपर्यंत नेत. त्यांची हानी सर्वांत कमी होती.

(खाली शहरांतून जी माणसे मेली त्यांचा प्रश्न याहून मोठा आहे, तो स्वतंत्र लेखाचा.)

टरेट काढणे अशक्य होते असेही नाही. मे १९४३ मध्ये जर्मनीची धरणे फोडायला गेलेल्या लँकेस्टरचे पाठीवरचे टरेट काढले होते. मार्च १९४५ मध्ये दहा टनी 'ग्रँड स्लॅम' बाँब नेण्यासाठी नाकावरचे आणि पाठीवरचे, दोन्ही काढली. बाँबसाठी जागा झाली. बाँबर कमांडची ५५,५७३ माणसे त्या युद्धात गेली. त्यांच्यासाठी तेच स्क्रू कोणी सैल केले नाहीत.